पुण्यात चारचाकी विकून सायकलवर भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "वय 41, राहायला कर्वेनगर, ऑफिस कल्याणीनगरला. घरी बायको, चौथीतली मुलगी आणि 72 वर्षांची आई. नऊ वर्षं जुनी कार आहे, पण आठवड्यातले चार दिवस ती सोसायटीत नुसती उभी असते. ती विकून सायकल, मेट्रो आणि रिक्षा यांवर भागवता येईल का? सायकल कोणती घ्यावी? पावसाळ्याचं काय? आणि आईला अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

भागेल. मी 2013 साली चारचाकी विकली, तेव्हापासून आमचं भागतंय आणि माझ्या ओळखीत असं भागवणारी आणखी दहा-बारा घरं आहेत. पण ज्यांनी हौसेनं सुरुवात केली आणि वर्षभरात परत कार घेतली, अशीही माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतला एकही जण पाय दुखले म्हणून मागे फिरला नाही. ते फिरले दोन कारणांनी. एक तर त्यांनी कारचाच रस्ता सायकलला लावला. आणि दुसरं, रिक्षात बसायला त्यांचा हात खिशात जाईना.

आधी रिक्षाचं बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. आपल्या मध्यमवर्गी डोक्यात कारचा खर्च हा खर्च नसतो, ती गरज असते. रिक्षाचे शंभर रुपये मात्र उधळपट्टी. म्हणून होतं काय, की कार विकलेला माणूस आईला घेऊन भर उन्हात बसस्टॉपवर उभा राहतो, आई कावते, बायको कावते आणि सायकलचं नाव बदनाम होतं. मीटरनं पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17, हा दर धरला तर सहा किलोमीटरवरच्या दवाखान्याचे साधारण 102 रुपये होतात. महिन्यातून पंधरा वेळा असं जाणं झालं तरी दीड हजार. माझी कार होती त्या शेवटच्या वर्षी विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि एक बॅटरी मिळून 50-55 हजार गेले होते, आणि गाडीची किंमत उतरली ती वेगळीच.

आम्ही काय केलं, तर चहाच्या एका रिकाम्या डब्यात दर पहिल्या तारखेला तीन हजार टाकायला लागलो. त्याचं नाव रिक्षाचा डबा. नियम एकच: या डब्यातले पैसे भाजीला वापरायचे नाहीत आणि महिनाअखेरीला उरले तर शाबासकी मागायची नाही. आईला देवळात जायचंय, पाऊस आहे, मुलीच्या हातात क्राफ्टचं मोठं पुठ्ठ्याचं घर आहे, कंटाळा आलाय. कारण कुठलंही चालतं. आता तो डबा मोबाइलमधल्या एका वेगळ्या खात्यात गेलाय, पण घरात त्याला डबाच म्हणतात. तुम्ही सायकल घ्यायच्या आधी हा डबा सुरू करा.

तुमच्या बायकोची ॲक्टिव्हा आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर राहू द्या, पण सावध राहा. सायकलची खरी सवत चारचाकी नव्हे, दारातली स्कूटर. हे या शहराच्या बाबतीतही खरं आहे. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, डबलसीट धरलं तर दंड व्हायचा, या आठवणी ज्येष्ठांकडून तुम्हीही ऐकल्या असतील. ते शहर मोटारींनी संपवलं नाही. 1972 मध्ये लुना आली, त्याच साली चेतक आली, आणि पेठेतला सायकलवाला हळूहळू पेट्रोलवर गेला. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला किक मारायची सवय तेव्हाची. ती ज्या घरात आहे तिथे सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला येते.

आता रस्ता. यावर जास्त लिहितो, कारण सगळं इथेच ठरतं.

मोबाइलच्या नकाशाला विचाराल तर तो तुम्हाला कर्वे रोड दाखवेल. मोटरसायकलवाल्यासाठी तो ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. सायकलचा रस्ता निवडताना अंतर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की मागून येणाऱ्या वाहनांचा वेग किती, डाव्या हाताला बस आणि रिक्षा किती वेळा आडव्या येतात, आणि वाटेत दुखरे चौक किती. दुखरा चौक म्हणजे जिथे तुम्हाला तीन लेन ओलांडून उजवीकडे वळावं लागतं असा. बारा किलोमीटरमध्ये असे दोनच चौक आले, तर रस्ता चांगला.

कर्वेनगरहून मी असा जाईन: राजाराम पुलाच्या टोकापासून नदीकाठचा डीपी रस्ता धरून म्हात्रे पुलापर्यंत, तिथून एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या, मग नळ स्टॉपच्या आसपास सिग्नलला कर्वे रोड ओलांडायचा आणि प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरायचं. नळ स्टॉपच्या उड्डाणपुलावर जायचं नाही, कुठल्याच उड्डाणपुलावर जायचं नाही. चढावर तुमचा वेग दहा आणि मागच्याचा साठ, आणि पळायला बाजू नाही. प्रभात रोडला पोचलात की झाडं, सावली, संथ गाड्या. तिथून डेक्कन, मग घोले रोडच्या बाजूनं शिवाजीनगर, संगम पूल, आरटीओ, बंडगार्डन रस्ता, कोरेगाव पार्कच्या आतल्या गल्ल्या आणि कल्याणीनगरचा पूल. साधारण बारा-तेरा किलोमीटर. घाम न काढता चालवलीत तर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. संध्याकाळी सहा वाजता कारला याहून फार कमी लागत असेल तर मला कळवा.

डीपी रस्त्याची एक गोम आहे. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात लग्नाची लॉन्स आहेत. एरवी सकाळ-संध्याकाळ इतका सुखाचा रस्ता कोथरूडकडे दुसरा नाही, पण लग्नाची तिथी असली की संध्याकाळी सातनंतर घोडा, बँड, वळणारी एसयूव्ही आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून "लॉन नक्की कुठलं" असं फोनवर विचारणारे काका, सगळे एकदम भेटतात. माझ्या भिंतीवर कालनिर्णय आहे तो मुख्यतः यासाठी. मुहूर्त असला की मी त्या दिवशी आतून, पटवर्धन बागेच्या बाजूनं येतो.

असा रस्ता कागदावर ठरत नाही. एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला निघा आणि नुसतं फिरून या, ऑफिसच्या दारापर्यंत. पुढच्या रविवारी परतीचा रस्ता बघा. हे दोन वेगळे रस्ते असतात हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण पुण्यातले अर्धे महत्त्वाचे रस्ते एकेरी आहेत. फर्ग्युसन कॉलेज रस्ता (एफसी) आणि जंगली महाराज रस्ता (जेएम) एकेरी, पेठांत बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता एकेरी. सायकलवाल्याला उलट जायचा मोह होतो, "एवढंसंच तर अंतर आहे." करू नका. उतरा आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून चाला. शंभर पावलांना दीड मिनिट लागतं, कुणी शिवी देत नाही आणि वाटेत वडापाव दिसतो.

पेठांत जायचं असेल तर नदीवरचे छोटे पूल शिकून घ्या. झेड ब्रिजवर मोठी वाहनं येत नाहीत, म्हणून डेक्कनहून नारायण पेठेत उतरायला तो बरा. भिडे पूल त्याहून सपाट, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो आधी बुडतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्या भरवशावर घरातून निघायचं नाही.

सायकल ट्रॅकचं विचाराल म्हणून सांगतो. महापालिकेनं 2017 मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच्या आधीपासून सातारा रस्त्याला ट्रॅक आहेत, नंतर जेएम रोडला झाले. त्या सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, आणि दोन-तीन वर्षांत गेल्याही. ट्रॅकवर तुम्हाला विजेचे डीपी बॉक्स, उसाचं गुऱ्हाळ, उभ्या बुलेट आणि हँडल जेमतेम जाईल अशा अंतरावर रोवलेले खांब भेटतील. जिथे सलग दोनशे मीटर मोकळा असेल तिथे वापरा, नाहीतर रस्त्यावरच चालवा. ट्रॅकवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ट्रॅकवर अशी सतत उडी मारणारा सायकलस्वार मागच्या ड्रायव्हरला कळतच नाही, आणि तेच सगळ्यात धोक्याचं.

रस्त्यावर कुठे चालवायची? अगदी कडेला नाही. कडेला माती, काच, चेंबरचं झाकण आणि अचानक उघडणारं कारचं दार असतं. उभ्या गाड्यांपासून एक हात सोडून, सरळ रेषेत. वळायचं असेल तर हात दाखवा, आणि नुसता दाखवू नका, मागे वळून ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघा. पुण्यात इंडिकेटरवर कुणाचा विश्वास नाही, पण नजरेला नजर दिली की माणूस थांबतो. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, अपवाद मोजके.

आणि एक गोष्ट मात्र पाठ करा. टँकर, डंपर, मिक्सर, बस यांच्या डाव्या बाजूला सिग्नलला उभं राहायचं नाही. पुढे जागा दिसते, आपण सायकल अलगद तिथे घुसवतो. 2016 च्या जुलैमध्ये मी तेच केलं. पौड फाट्याजवळ पाण्याचा टँकर उभा होता, त्याचा डावा इंडिकेटर चिखलानं माखलेला. सिग्नल सुटला आणि तो डावीकडे वळायला लागला. वळताना टँकरचं तोंड आधी पुढे जातं आणि मागची चाकं आतल्या बाजूनं घासत येतात. माझ्या हँडलच्या टोकाला मागच्या चाकाच्या रबरी पदराचा स्पर्श झाला, तो मला आजही आठवतो, ओला आणि जड. मी सायकल सोडून फुटपाथवर उडी मारली. पुढच्या चाकाचा पार पापड झाला. ड्रायव्हरला काही कळलंच नाही, तो गेला निघून, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्या कोपऱ्यातलं त्याला आरशात दिसतच नाही. तेव्हापासून मी मोठ्या वाहनाच्या मागे थांबतो. सिग्नलचा एक फेरा गेला तरी चालतो.

आता सायकल. स्पोर्ट्सच्या मोठ्या दुकानात गेलात की तुम्हाला जाड टायरची, पुढे स्प्रिंगवाली, एकवीस गिअरची दाखवतील. ती डोंगरासाठी. प्रभात रोडवर ती नुसती वजन वाहते. तुम्हाला हवी मध्यम टायरची साधी हायब्रिड, मागे सात गिअर पुरेत, पूर्ण मडगार्ड, भक्कम कॅरियर आणि स्टँड. आपल्याकडे मडगार्ड आणि कॅरियर नसलेली सायकल 'स्टायलिश' म्हणून विकतात आणि मग तेच दोन्ही वेगळे पैसे घेऊन बसवतात. बारा ते अठरा हजारांत चांगली नवी येते. सेकंडहँड घेतलीत तर निम्म्यात, पण ओळखीच्या माणसाकडून घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सायकली मिळतात हे खरं, त्यांतली कुठली कुणाच्या जिन्याखालून आली हे कोण सांगणार? घेतल्यावर फ्रेमखालचा नंबर आणि सायकलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बॅटरीवाली घ्यावी का? वारज्याहून चांदणी चौक चढून बावधनला रोज जायचं असतं तर मी घ्या म्हणालो असतो. 250 वॅटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहणारी असेल तर लायसन्स-नोंदणी लागत नाही. तुमच्या रस्त्यावर मात्र पुलांचे चढ सोडले तर चढ असा नाही.

घेतल्यावर पहिलं काम: सीट वर करा. नव्या सायकलस्वारांपैकी दहांतल्या आठांची सीट इतकी खाली असते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात. त्यांना वाटतं ते सुरक्षित आहे. महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. भिंतीला हात टेकून बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्याला जो जरासा बाक येतो, तो बरोबर. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे मिस्त्री सायकल जड लागते म्हणून आलेल्या प्रत्येकाचं निदान दुरूनच करतात: "सीट खाली, हवा कमी." तपासायच्या आधी पाच रुपयांची पैज लावायलाही तयार असतात.

हवेचं सांगायलाच हवं. दर आठवड्याला भरा, अंगठ्यानं टायर दाबून दबता कामा नये. ट्यूब घेताना स्कूटरसारखा व्हॉल्व्ह असलेली मागा, म्हणजे पेट्रोल पंपावरही भरता येईल. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला पंपवाला हात हलवून नाही म्हणतो. पंपावरचं यंत्र ताकदवान असतं, दोन-दोन सेकंदच लावा, नाहीतर चौकात बार उडेल. पंक्चरचं सामान, म्हणजे सोल्यूशन, पट्ट्या, दोन लिव्हर आणि एक जादा ट्यूब, कॅरियरच्या पिशवीत कायम असू द्या. वाटेत पंक्चर काढत बसायचं नाही, ट्यूब बदलायची आणि जुनी घरी जाऊन निवांत बघायची. चेनला इंजिन ऑइल नको, खोबरेल तर नकोच. फडक्यानं पुसा, प्रत्येक कडीवर थेंब सोडा, पाच मिनिटांनी पुन्हा पुसा. वरचं तेल धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही.

वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. (शब्द ओव्हरहॉलिंग आहे म्हणे, पण तसं म्हणालात तर मिस्त्री नवखे समजून शंभर रुपये जास्त लावतील.) ते पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी. छर्रे बदलून, ग्रीस भरून, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून सायकल घरी येते आणि मग तिला झेंडूचा हार. सोसायटीत त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्यांची पूजा असते, आपली का नको?

पावसाळ्याला लोक उगाच घाबरतात. पुण्याचा पाऊस मुंबईचा नाही. दिवसभर झोडपणारे दिवस मोजके, बाकी भुरभुर. त्या मोजक्या दिवसांसाठी डबा आहेच. भीती घ्यायची ती पहिल्या पावसाची. वर्षभराचं तेल आणि धूळ रस्त्यावर तरंगते आणि तो अर्धा तास रस्ता साबण लावल्यासारखा होतो. तेव्हा आडोशाला थांबा, चहा घ्या. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत चेंबरची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गल्लीतले पेव्हर ब्लॉक यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ जायचं. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, खाली खड्डा आहे असंच धरून चालायचं. रबरी गुटक्यांचा ब्रेक ओल्या रिमवर उशिरा लागतो, म्हणून चौक यायच्या आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यायची. डिस्क ब्रेकचे जास्त पैसे या चार महिन्यांसाठी द्यावेत असं माझं मत आहे.

रेनकोट घालून सायकल चालवली की माणूस आतून भिजतो. मी फक्त वरचं जाकीट घालतो, खाली लवकर वाळणारी अर्धी पँट आणि पायात फ्लोटर्स. ऑफिसचे कपडे सॅकमध्ये, आणि सॅकच्या आत कचऱ्याची जाड काळी पिशवी. बाहेरून घालायची सॅकची टोपी वाऱ्यानं उडते, आतली पिशवी कुठे जात नाही. ऑफिसच्या खणात एक शर्ट, एक पंचा आणि साबण कायम. उन्हाळ्यातही हेच सामान कामाला येतं. पोचल्यावर लगेच शर्ट बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम पूर्ण निघून जाऊ द्या, मग ओल्या पंचानं अंग पुसून बदला. मे महिन्यात घरातून आठच्या आधी निघा.

रोज पूर्ण अंतर सायकलनं जायलाच हवं असं कुठे आहे? तुम्ही मेट्रोच्या बाबतीत नशीबवान आहात. वनाज-रामवाडी मार्ग तुमच्या दोन्ही टोकांजवळून जातो. कर्वेनगरहून नळ स्टॉपपर्यंत सायकल, बारा-पंधरा मिनिटं, आणि तिथून कल्याणीनगर अकरावं स्टेशन, मध्ये गाडी बदलायची नाही. माझा सल्ला असा की पहिले दोन महिने आठवड्यातून दोनच दिवस पूर्ण सायकल, बाकी दिवस सायकल अधिक मेट्रो. स्टेशनखाली लावायला मात्र जुनी, कुणाच्या डोळ्यात न भरणारी सायकल ठेवा. नीट जागा सगळीकडे नाही आणि दोन चाकं, फ्रेम आणि रेलिंग असं सगळं मिळून बांधलं नाही तर संध्याकाळी नुसतं कुलूप लटकताना दिसतं.

ऑफिसच्या दारातल्या वॉचमनची तयारी ठेवा. माझ्या आधीच्या नोकरीच्या जागी, नाव घेत नाही, "सायकल आत नेता येणार नाही" यावर आठ महिने गेले. दुचाकीला स्टिकर, चारचाकीला स्टिकर, सायकलला रकानाच नाही. मी मेल लिहिले, कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी एका संध्याकाळी वॉचमनच्याच मुलाची सायकल मी माझ्या मिस्त्रींकडून दुरुस्त करून आणली, आणि दुसऱ्या दिवशी जनरेटरच्या बाजूला, छपराखाली, मला जागा मिळाली. हा काही आदर्श मार्ग नव्हे. तुम्ही 'सायकल स्टँड हवा' असं न लिहिता 'दुचाकी पार्किंगच्या मागच्या भिंतीलगत चार फूट जागा' असं लिहून बघा. मोठी मागणी कमिटीकडे जाते आणि तिथेच राहते. लहान मागणीला होकार मिळतो.

घरकामाचं. सगळ्यात सोपं दळण. पाच किलोचा डबा कॅरियरवर आडवा नाही, उभा ठेवायचा आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीनं बांधायचा. ही पट्टी सायकलवाला फुकट देतो आणि बाजारातल्या हुकाच्या दोरीपेक्षा घट्ट बसते. एक फेरा कॅरियरखालून, दोन डब्यावरून, गाठ नाही, टोक आत खोचायचं. झाकणावर फडकं घालून बांधलंत तर पीठ रस्त्याला लागणार नाही. भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवायच्या नाहीत. मी एकदा मंडईतून येताना डाव्या हँडलला दोन किलो कांदे लावले होते. पिशवीचं टोक आऱ्यांत गेलं आणि शनिपाराजवळ कांदे, मी आणि सायकल अशा क्रमानं आम्ही पडलो. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना कापडी थैले शिवून घ्या, वजन खाली आणि सारखं राहतं.

मुलीला शाळेत सायकलवर न्यायचा अट्टहास करू नका. चौथीतली मुलगी डबलसीटला जड आणि एकटीनं कर्वे रोडला लहान. तिला रविवारी सकाळी सोबत घ्या, तिची तिची सायकल घेऊन. आधी प्रभात रोडच्या गल्ल्या, मग डेक्कन. सातवीत गेल्यावर तीच विचारेल.

लोक बोलतील. "पेट्रोल परवडत नाही का?" हा प्रश्न मला तेरा वर्षांत इतक्या वेळा आला आहे की मी आता नुसतं "नाही" म्हणतो. त्यावर पुढे काय बोलायचं हे समोरच्याला सुचत नाही. एका लग्नाला झब्बा-पायजमा घालून सायकलवर गेलो तर पार्किंगवाल्या मुलानं मला केटरिंगचं दार दाखवलं. तिथून आत गेलो, जिलबी गरम मिळाली.

आईंचं शेवटी लिहितो, कारण तुमची खरी काळजी तीच असणार. रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर कार असलेल्या माणसानंही कार काढू नये, 108 ला फोन करावा. घाबरलेला मुलगा, शेजारी आई, पार्किंगमध्ये मागे लागलेली दुसऱ्याची गाडी, यात मिनिटं जातात. त्याखालच्या दुखण्यांसाठी, म्हणजे ताप, पाय मुरगळणं, नेहमीच्या तपासण्या, आम्ही दोन रिक्षावाल्यांचे नंबर फ्रिजवर लावले आहेत. दोघंही याच भागात राहतात, त्यांतला एक रात्रीही फोन उचलतो. त्यांना दिवाळीला फराळ जातो आणि मीटरवर दहा-वीस रुपये सुटे मागितले जात नाहीत. माझी आई आता 80 ची आहे. कारच्या मागच्या सीटवर वाकून बसण्यापेक्षा रिक्षात चढणं तिला सोपं वाटतं, हे तिनं सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं. गावाला जायचं असेल तर ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं घ्या. वर्षातून तीनदा घेतलीत तरी ती तुमच्या विम्याच्या आणि सर्व्हिसिंगच्या पैशांत बसते.

हेल्मेट घाला. मागे लाल दिवा लावा, दिवसाही, पावसात तर नक्कीच. रात्री गल्लीत कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका, खाली उतरा आणि सायकल मध्ये ठेवून चाला. उतरलेल्या माणसात त्यांना रस राहत नाही.

कार मात्र आत्ताच विकू नका. जून ते सप्टेंबर तिची चावी बायकोकडे द्या आणि मागायची झाली तर कारण सांगून मागा. चार महिन्यांत ती किती वेळा मागितली, ते त्या कालनिर्णयवरच लिहा. माझ्या कालनिर्णयवर चार खुणा होत्या, त्यांतल्या दोन बॅटरी उतरू नये म्हणून नुसती चालू करायला. तिसऱ्या महिन्यात तेही राहून गेलं. ऑक्टोबरात गिऱ्हाईक आलं तेव्हा गाडी चालूच होईना, शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडून ती सुरू केली आणि त्याच्या ताब्यात दिली.